भाषेचा सराव आणि भाषेची मालकी

मोबाइलवरील ॲपच्या साहाय्याने भाषा शिकणे हे केवळ खूळ आहे, असे म्हणून हा विषय निकालात काढता येणार नाही. आणि ॲप हाती आले म्हणजे शिक्षकाची गरज संपली, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल. या दृष्टीने वेल्श भाषेचे उदाहरण उद्बोधक आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्समध्ये ती बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार होते. २०५० पर्यंत ही संख्या १० लाखांवर नेण्याचे तेथील सरकारचे उद्दिष्ट आहे.

डुओलिंगो या अमेरिकन ॲपवर २०१६ मध्ये वेल्शचा अभ्यासक्रम सुरू झाला. वेल्शमध्ये मांजराला 'काथ' म्हणतात. पण 'त्याचे मांजर' म्हणताना 'गाथ' आणि 'तिचे मांजर' म्हणताना 'खाथ' होते. 'त्याचे' आणि 'तिचे' यांना लिहिण्यात शब्द एकच. भेद कळतो तो नामाच्या पहिल्या वर्णावरून. असे बदल पुनःपुन्हा कानावर पडूनच अंगवळणी पडतात. हे काम ॲप न थकता करते. पाळीवरून परतलेल्या कामगारालाही ते परवडते, आणि चुकले तर कोणी हसत नाही.

परंतु समोरचा माणूस ठरलेली वाक्ये बोलत नाही. 'आता' या अर्थी दक्षिणेत एक शब्द, उत्तरेत दुसरा. उत्तर देण्याची निकड आणि बोलण्याची भीड मोडणे हे माणसांतच घडते. उत्तर वेल्समध्ये दगडखाणीच्या मजुरांचे ओस पडलेले एक गाव १९७८ मध्ये एका विश्वस्त संस्थेने विकत घेतले आणि पुढे तेथे प्रौढांसाठी निवासी वेल्श वर्ग चालू झाले. त्यांचे मोल यातच आहे.

खरा प्रश्न मालकीचा आहे. वेल्शचा हा अभ्यासक्रम स्वयंसेवकांच्या श्रमांतून उभा राहिला. कंपनीने २०२१ मध्ये स्वयंसेवकांची योजना बंद केली आणि त्याच वर्षी ती शेअर बाजारात उतरली. २०२३ मध्ये वेल्श अभ्यासक्रमात नवी भर घालणे तिने थांबवले. धडे राहिले, वाढ खुंटली. वेल्सच्या शिक्षणमंत्र्यांवर कंपनीला फेरविचाराची विनंती करण्याची पाळी आली.

अवजार म्हणून ॲप अवश्य वापरावे. मात्र त्याच्या भरवशावर सार्वजनिक वर्ग बंद होऊ लागले, शिक्षकांची पदे कमी होऊ लागली, तर विरोध केलाच पाहिजे. कोणती भाषा शिकवणे किफायतशीर, हे कंपनी ठरवू शकते. कोणती भाषा जगावी, हे ठरवण्याचा अधिकार समाजाने तिच्या हाती देता कामा नये.