जन्मसालाचा दोष आणि बाजारातला उतारा

विद्यापीठांच्या वसतिगृहांत हल्ली मनगटांवर एक नवी वस्तू दिसते. काळ्या मण्यांचं ब्रेसलेट आणि त्यात सोनेरी पिशिऊ, किंवा लाल दोऱ्यात ओवलेला वाघ, ससा, ड्रॅगन. ऑनलाइन दुकानं ती ‘चिनी राशीचं संरक्षण’, ‘धनलाभ’, ‘नकारात्मक ऊर्जेपासून बचाव’ अशा शब्दांत विकतात. (पिशिऊ हा बारा राशींत नाहीच. तो धन गिळणारा काल्पनिक प्राणी. त्याला गुदद्वार नसतं, म्हणून गिळलेला पैसा बाहेर जात नाही, अशी आख्यायिका.) हे घालणाऱ्यांत आपलेही लोक आहेत. घरातले पहिले पदवीधर, ज्यांनी गंडेदोरे, सत्यनारायण, साडेसातीची शांती हे सगळं विचारपूर्वक सोडलं. त्यांचं म्हणणं साधं आहे: यात भटजी नाही, जात नाही, गोत्र कुणी विचारत नाही. मग हरकत काय?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी ही वस्तू तिच्या मूळ घरी काय काम करते ते पाहायला हवं.

चिनी पंचांगात उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर असं बारा वर्षांचं चक्र असतं. आपल्या प्राण्याचं वर्ष आलं की भाग्य उजळत असेल, असं आपल्याला वाटतं. चिनी लोकसमजूत नेमकी उलटी आहे. दर बारा वर्षांनी येणारं स्वतःचं वर्ष, ‘बनमिंग न्येन’, धोक्याचं मानतात. त्या वर्षाचा अधिपती थाय-स्वेई याची अवकृपा होते, म्हणून वर्षभर अंगावर लाल काहीतरी हवं: लाल मोजे, लाल अंतर्वस्त्रं, लाल कमरपट्टा, लाल दोऱ्यातला सोन्याचा किंवा जेडचा प्राणी. घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिलेलं असेल तर अधिक चांगलं. १७ फेब्रुवारी २०२६ला घोड्याचं वर्ष लागलं, म्हणजे १९९० आणि २००२च्या मंडळींची पाळी. आजीने नातवाच्या मनगटाला बांधलेल्या दोऱ्याला हसण्याचं काही कारण नाही. त्यात माया असते.

पण रचना बघा. आधी पंचांग सांगतं की तुझ्या जन्मसालात दोष आहे. मग त्याच पंचांगाच्या आधाराने दोषावरचा उतारा विकला जातो. दोष कुणी तपासू शकत नाही, आणि उतारा लागू पडला नाही तरी पैसे परत मागायला कुणी जात नाही. हा व्यवहार आपल्याला नवा नाही. जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्याच्या पहिल्याच प्रकरणात शेतकऱ्याच्या घरी मूल जन्मल्यापासून ग्रह-नक्षत्रांच्या नावाने त्याची गाठ कशी मोकळी केली जाते याचा हिशोब आहे. भटजी गेला आणि त्याच्या जागी मोबाइलवरचं दुकान आलं, एवढ्याने हिशोब बदलत नाही.

आणि हा दोष नेहमी निरुपद्रवी राहतो असंही नाही. याच चक्राची साठ वर्षांची मोठी आवृत्ती जपानमध्ये गेली, तिथे ‘अग्नी-घोड्या’च्या वर्षी जन्मलेली बाई नवऱ्याला मारते अशी समजूत रुजली. १९६५ साली जपानमध्ये सुमारे १८ लाख जन्म झाले होते. १९६६, म्हणजे अग्नी-घोड्याच्या वर्षी, ते १३.६ लाखांवर आले. पुढच्याच वर्षी पुन्हा १९ लाखांच्या वर गेले. औद्योगिक, शिकलेल्या, रेल्वे मिनिटाला मिनिट धावणाऱ्या देशात हे घडलं. ‘मंगळ’ असलेल्या मुलीचं स्थळ परत जाताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०२६ हेही अग्नी-घोड्याचंच वर्ष आहे.

इथे घाई करून ‘म्हणजे ही चिनी जातव्यवस्थाच’ असं म्हणणं चूक ठरेल. आपल्या चळवळीच्या लिखाणात ही सवय थोडी वाढली आहे, प्रत्येक गोष्टीला जात म्हणायची. चिनी राशीचा वाईट काळ राजालाही येतो आणि हमालालाही, वर्षभर राहतो आणि निघून जातो. जात पुढच्या वर्षी निघून जात नाही आणि लाल दोऱ्याने झाकली जात नाही. साम्य फक्त एका ठिकाणी आहे, पण ते ठिकाण महत्त्वाचं आहे: माणसाने काय केलं याआधी तो कधी जन्मला हे विचारलं जातं.

चीनमध्येही याला विरोध झाला, आणि तो जुना आहे. इसवी सन २७मध्ये आजच्या जच्यांग प्रांतात वांग छुंग जन्मला. घर गरीब, पुस्तकं नाहीत. राजधानी लोयांगच्या बाजारात पुस्तकांच्या दुकानांत जाऊन, विकायला ठेवलेली पुस्तकं वाचून तो शिकला, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. त्याच्या ‘लुनहंग’ या ग्रंथात बारा प्राण्यांची थट्टा आहे. घोडा अग्नितत्त्वाचा, उंदीर जलतत्त्वाचा आणि पाणी आगीवर मात करतं, असं तुम्ही म्हणता. मग उंदीर घोड्याला पळवून का लावत नाही? कोंबडा धातूचा, ससा लाकडाचा. मग कोंबडा सशाला टोचत का नाही? घराण्याला नाव नाही म्हणून त्याला हिणवणारे लोक होते. पूर्वजांच्या नावाने माणसाची योग्यता ठरत नाही, असं त्यांना त्याने लिहून उत्तर दिलं. गंमत अशी की इतका तर्ककठोर माणूस नशीब जन्मतःच ठरतं असंही मानायचा. तरी, दुकानात वाचून शिकलेला हा माणूस आपल्या ओळखीचा वाटतो.

बौद्ध घरांतून आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. राशीप्रमाणे ‘रक्षक बुद्ध’ असलेली लॉकेटंही विकली जातात: सशाच्या वर्षाला मंजुश्री, कुत्रा आणि डुकराच्या वर्षाला अमिताभ. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-नक्षत्रांची भाकितं आणि शुभाशुभ सांगून पोट भरणं यांची लांबलचक यादी आहे, आणि तथागत यापासून दूर राहतात असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. गळ्यात बुद्ध आहे म्हणून वस्तू धम्माची होत नाही.

बरं, ऑनलाइन विक्रेते जन्मसालावरून थेट प्राणी ठरवतात. चिनी वर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत लागतं. १९९८ हे वाघाचं वर्ष २८ जानेवारीला सुरू झालं. त्याआधी जन्मलेला माणूस चिनी हिशोबाने बैलाच्या वर्षातला, पण आपल्याकडे तो वाघ घालून फिरतो. आणि आपल्या आईवडिलांचं काय? शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिली, साल दाखवून दिलं. ज्यांच्या जन्माची नोंदच कुणी ठेवली नाही, त्यांचं नशीब त्या तारखेवरून सांगितलं जातं.

तरीही लोक घालतात, याचं कारण अडाणीपणा नव्हे. मॅलिनोव्स्कीने त्रोब्रियांड बेटांवर पाहिलं होतं की खाडीतल्या सुरक्षित मासेमारीला कुणी मंत्रतंत्र करत नाही. खोल समुद्रात जाताना मात्र भरपूर करतात. चीनमध्ये जून २०२३मध्ये शहरी तरुणांची बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली आणि नंतर काही महिने सरकारने तो आकडाच प्रसिद्ध केला नाही. त्याच वर्षी बीजिंगच्या लामा मंदिरात मण्यांच्या माळा घेण्यासाठी तरुणांच्या रांगा लागत होत्या. ती मुलं पदवीधरच होती.

आपला खोल समुद्र कोणता हे आपल्याला माहीत आहे. लेखी परीक्षेत वर असलेल्या मुलाला मुलाखतीत कमी गुण का मिळाले हे कुणी सांगत नाही. फेलोशिपचा हप्ता कधी येईल याची तारीख नसते. भरतीची जाहिरात निघते, रद्द होते, परत निघते. अलौकिक शक्तीचे दावे करून यंत्रं विकणाऱ्या टीव्ही जाहिराती महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१मध्ये सांगितलं. तोच नियम मोबाइलवरच्या दुकानांना कडकपणे लावा, अशी मागणी करायलाच हवी. पण विद्यार्थी संघटनांनी त्याहून आधी मागायच्या गोष्टी दोन आहेत: मुलाखतीचे गुण कारणांसह जाहीर करणं आणि फेलोशिपच्या हप्त्याची तारीख आधी छापणं.