उंबरठ्यावरचा न्याय

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात देशभरच्या उच्च न्यायालयांकडून मागविलेली एक माहिती वाचली आणि आपली निराशा लपवून ठेवली नाही. हुकूमनाम्यांच्या अंमलबजावणीसाठी दिवाणी न्यायालयांत दाखल झालेल्या ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती निकालावाचून पडून आहेत, असे त्या माहितीवरून दिसून आले. आणि त्यांपैकी ३ लाख ४० हजारांच्या वर एकट्या महाराष्ट्रातील आहेत. न्यायमूर्ती रानडे आणि तेलंग यांच्या प्रांताने या यादीत अग्रस्थान पटकवावे, ही गोष्ट आम्हांस तरी भूषणावह वाटत नाही.

दरखास्त म्हणजे दावा नव्हे. दावा केव्हाच संपलेला असतो. साक्षीपुरावे झाले, युक्तिवाद झाले, न्यायाधीशांनी निकाल दिला, त्यावर शिक्का उमटला. उरले ते एवढेच की ज्याचे घर त्याला मिळावे आणि ज्याचे पैसे त्याला पोचावेत. आपल्याकडे खरी साडेसाती येथूनच सुरू होते. हिंदुस्थानातील वादीच्या अडचणींना हुकूमनामा हाती पडल्यावर आरंभ होतो, अशा अर्थाचे उद्गार प्रिव्ही कौन्सिलने १८७२ साली काढले होते. दीडशे वर्षे लोटली, प्रिव्ही कौन्सिल गेले, साम्राज्यही गेले. ती अडचण मात्र जागची हललेली नाही. दरखास्त सहा महिन्यांच्या आत निकालात काढावी असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले, तरीही वरील आकडे आपल्यासमोर आहेत. हरकतींवर हरकती घेणारे ऋणको, तारखांवर तारखा मागणारे वकील आणि अपुरे न्यायाधीश यांची चर्चा वारंवार होत असते. ज्याची चर्चा कधीच होत नाही अशा एका माणसाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. तो म्हणजे न्यायालयाचा बेलिफ.

न्यायाधीश आपले आसन सोडून कोणाच्या दारी जात नाहीत. त्यांच्या वतीने जातो तो बेलिफ. समजा, दरखास्त बारामतीच्या दिवाणी न्यायालयातील आहे आणि ऋणको नीरेकाठच्या सांगवीचा आहे. नाझराकडून वॉरंट बेलिफाच्या हाती येते. ते ठराविक तारखेच्या आत बजावावयाचे असते. तो एस.टी.ने निघतो, गावात उतरतो, घर शोधतो, दोन पंच मिळवितो. शेजाऱ्याच्या जप्तीला पंच म्हणून उभे राहण्यास गावात कोण राजी असते, हे ज्याने खेडे पाहिले आहे त्यास सांगावयास नको.

येथून पुढे त्याचे प्रत्येक पाऊल कायद्याने मोजून दिलेले आहे. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता ज्यांना रूक्ष वाटते त्यांनी तिची साठावे आणि बासष्टावे ही दोन कलमे अवश्य वाचावीत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाने राहत्या घरात शिरावयाचे नाही. बाहेरचे दार फोडावयाचे नाही. घर खुद्द ऋणकोच्या ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल तरच ती मुभा. आतल्या खोलीत लोकांसमोर न येणारी स्त्री असेल, तर बाहेर पडण्यास ती मोकळी आहे असे कळवून तिला पुरेसा अवधी द्यावयाचा. मग जप्ती. तीतही ऋणकोचे आणि त्याच्या बायकामुलांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण यांस हात लावावयाचा नाही. धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नये असा दागिना घ्यावयाचा नाही; म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र वाचले. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, पोटापुरत्या शेतीला लागणारी बैलजोडी आणि बियाणे सुटले. शेतकरी किंवा मजूर ज्यात राहतो ते त्याचे स्वतःचे घरही सुटले. गहाणखताने त्याने ते आधीच बांधून दिले असेल तर गोष्ट वेगळी.

शेतातील उभे पीक जप्त करावयाचे तर वॉरंटाची एक प्रत शेतात आणि एक घराच्या दारावर लावावी लागते. जमिनीची जप्ती असेल तर जागेवर दवंडी पिटावी लागते. लिलावाचा जाहीरनामा निघाल्यावर स्थावरासाठी किमान १५ आणि जंगमासाठी ७ दिवस जावे लागतात, आणि बोली कायम होण्यापूर्वी ऋणकोने रक्कम व खर्च पुढे केला तर लिलाव तेथेच थांबवावा लागतो. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करता येत नाही. दोन हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी तर कोणालाच तुरुंगात ठेवता येत नाही. ज्याची ऐपतच नाही त्याला केवळ दारिद्र्यासाठी कोंडता येणार नाही, असे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९८० साली स्पष्ट केले. हे सर्व सांभाळून शेवटी वॉरंट कोणत्या दिवशी व कसे बजावले, बजावले नसेल तर का नाही, हे त्यावर लिहून बेलिफाने ते परत करावयाचे. एवढा नाजूक कायदा ज्याच्या हाती आपण सोपवितो, तो न्यायालयाच्या उतरंडीत जवळजवळ तळाशी बसणारा माणूस असतो.

ही बंधने कोणा दयाळू अधिकाऱ्याच्या लहरीतून जन्मलेली नाहीत. त्यांची किंमत याच मुलखाने मोजलेली आहे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील कर्डे गावी एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखावर हुकूमनामा बजाविला, त्याचे घर लिलावात घेतले आणि पाडून टाकले. कागदोपत्री त्यात काहीही वावगे नव्हते. हीच त्यातील भयंकर गोष्ट. गावाने सावकारांशी व्यवहार तोडला. त्यांची शेते कोणी कसेना, त्यांची हजामत कोणी करीना. पुढील वर्षी, १२ मे १८७५ रोजी, त्या वेळच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातील सुपे गावी दंगा उसळला आणि इंदापूर, शिरूर, नगरपर्यंत पसरत गेला. दंगेखोरांचा रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांना हवे होते रोखे, वह्या आणि हुकूमनामे. ते हाती लागले की त्यांची होळी होई. न्यायालयाचा कागद लोक जाळतात तेव्हा तो कागद आपल्या दारी कसा आला, याचाच त्यांना राग असतो, असे आम्हांस वाटते. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगासही असेच आढळले की रयतेवरील निकाल फार मोठ्या प्रमाणावर एकतर्फी होत. दावा लागला हे पुष्कळांस जप्ती आल्यावरच कळे.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण न टाकलेली त्याची जमीन विकता येईना. आणि रोख्यामागचा खरा व्यवहार तपासणे हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले. रानड्यांनी या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केले. तो कायदा आता इतिहासजमा झाला आहे. पण त्याच्या पाठीमागचा विचार साठाव्या कलमात अजून जिवंत आहे.

मात्र या इतिहासावरून बेलिफ म्हणजे सावकाराचा हस्तक अशी समजूत करून घेणे आज सर्वस्वी चुकीचे ठरेल. काळाने भूमिका पुष्कळशा पालटल्या आहेत. उजनीच्या जलाशयात इंदापूर तालुक्यातील भीमाकाठच्या गावांची जमीन गेली. राज्यात अशा अनेक प्रकल्पांसाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. त्यांचा वाढीव मोबदला न्यायालयाने मंजूर करावयाचा, सरकारने तो थकवावयाचा, आणि अखेर बेलिफाने जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन खुर्च्या आणि मोटार जप्त करण्यास सुरुवात करावयाची, हे दृश्य महाराष्ट्राने अनेकदा पाहिले आहे. सरकारविरुद्धच्या हुकूमनाम्याला कायदा तीन महिन्यांची खास सवलत देतो. तीही सरकारला पुरत नाही! ज्याच्या पणज्याने बेलिफाची चाहूल लागताच दार लावून घेतले असेल, तोच शेतकरी आज बेलिफाची वाट पाहत न्यायालयाच्या पायरीवर बसला आहे. आणि शहरातील आमच्या वाचकांपैकी ज्यांनी भाडेकरूकडून स्वतःचे घर परत मिळविण्यासाठी उमेदीची वर्षे खर्चिली, त्यांना बेलिफ म्हणजे काय हे आम्ही सांगावे असे नाही.

तेव्हा दोष कोठे आहे, हे स्पष्ट बोललेले बरे. समन्स घेण्यास नकार दिला, घर बंद आढळले, पंच मिळाले नाहीत, असे शेरे चहाच्या दुकानात बसून लिहिले जातात, ही कुजबूज न्यायालयांच्या आवारात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आता बेलिफांच्या हाती ठावठिकाणा नोंदविणारे मोबाइल आले आहेत आणि या उपायाचे आम्ही स्वागत करतो. परंतु बेलिफ त्या दारापर्यंत गेला एवढेच यंत्र सांगते. दारात तो काय बोलला आणि काय वाचून दाखविले, हे त्या यंत्राला कळत नाही. याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. लांबच्या गावी जप्ती असली म्हणजे पुष्कळदा दरखास्तदारच गाडी आणतो, तोच वाटेत जेवू घालतो, तोच ऋणकोचे घर दाखवितो. बेलिफ कितीही सचोटीचा असो. वादीच्या गाडीतून उतरणारा माणूस न्यायालयाच्या वतीने आला आहे, यावर ऋणकोच्या म्हाताऱ्या आईने विश्वास तरी कसा ठेवावा? दुसऱ्या बाजूने, ताबा घेण्यास एकटा गेलेला बेलिफ चिडलेल्या भाऊबंदकीच्या घोळक्यात सापडतो, तेव्हा त्याच्या पाठीशी एक कागद असतो. पोलीस बंदोबस्तासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा हुकूम, पुन्हा तारीख.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. दारात वसुलीसाठी उभा राहिलेला प्रत्येक मनुष्य बेलिफ नसतो. सहकारी पतसंस्थेचा वसुली अधिकारी १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली येतो. बँक २००२ च्या कायद्याने, साठ दिवसांची नोटीस देऊन, तारण मालमत्तेचा ताबा मागते, आणि शेतजमीन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. वित्तसंस्थेने धाडलेल्या दांडग्या वसुलीदाराला तर घरात पाऊल टाकण्याचाही अधिकार नाही. कागद कोणाचा, शिक्का कोणाचा आणि सही कोणाची, हे विचारण्याचा हक्क गृहस्थाला आहे, आणि खऱ्या बेलिफाने त्या प्रश्नाचा राग मानू नये.

उच्च न्यायालयाने आणि राज्य सरकारने ठरविले तर या बाबतीत करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यास फार पैसाही लागणार नाही. बेलिफाला नेमणुकीनंतर काही आठवड्यांचे खरे प्रशिक्षण द्यावे. आज तो हे काम बहुतेक जुन्या बेलिफाच्या मागे हिंडूनच शिकतो. ताब्याच्या वॉरंटाबरोबरच बंदोबस्ताचा हुकूम निघावा. त्याने परत आणलेले शेरे नाझराच्या कपाटात न जाता न्यायाधीशांनी स्वतः वाचावेत. जप्तीच्या प्रत्येक वॉरंटाला सोप्या मराठीत छापलेला एक कागद जोडलेला असावा, त्यावर काय जप्त करता येत नाही याची यादी असावी, आणि घरात पाऊल टाकण्यापूर्वी ती बेलिफाने पंचांसमक्ष मोठ्याने वाचावी. आणि सांगवीला असो की सुप्याला, तो ज्या गाडीतून जाईल ती गाडी न्यायालयाची असावी.