कळफलकावरचा ‘ड’

कळफलकाचा आकार हा वृत्तपत्रातून चर्चावयाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. धडगावला आमच्या महाविद्यालयात घडलेल्या एका लहानशा प्रसंगापूर्वी प्रस्तुत लेखकही तसेच म्हणाला असता. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने पैसे साठवून एक इवलासा कळफलक घेतला होता. जेमतेम पंचेचाळीस-एक कळा. अंकांची ओळच नाही. त्यावर तो मराठीत गावाचे नाव लिहू लागला. ‘ध’ उमटला, पण ‘ड’ काही केल्या सापडेना.

दोष त्या मुलाचा नव्हता. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी सिद्ध केली. डाव्या हाताकडे स्वर, उजवीकडे बहुतेक व्यंजने, ‘क’च्याच कळेवर शिफ्टसह ‘ख’, अशी तिची शास्त्रशुद्ध रचना आहे. परंतु रोमन अक्षरे सव्वीस. आपली त्या कळांत मावत नाहीत. म्हणून ‘ड’ चौकटी कंसाच्या कळेवर गेला, ‘च’ अर्धविरामाच्या आणि कृषीतला ऋकार बरोबरच्या चिन्हावर. इंग्रजीत ज्या कळा विरामचिन्हांच्या, त्या आपल्याकडे मुळाक्षरांच्या आहेत. अतिलहान कळफलकांत पहिली कात्री लागते ती नेमकी यांना. ‘ड’साठी तेथे आणखी एक कळ दाबून धरावी लागते आणि ‘ढ’साठी एकदम तीन!

लहान कळफलकाची कल्पना मात्र मुळात टाकाऊ नाही. टोकियो विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ एइइती वादा यांच्या कल्पनेतून १९९६ साली साठ कळांचा ‘हॅपी हॅकिंग’ कळफलक बाजारात आला. प्रत्येक संगणकाची मांडणी निराळी. तेव्हा यंत्र बदलले तरी हाताची सवय बदलू नये, हा त्यांचा हेतू. त्यांनी अंकांचा स्वतंत्र गट काढून टाकला, कंस ठेवले. वादांच्या कळफलकावर धडगाव सुखाने लिहिता येते. काटछाट त्याही पुढे गेली, तेव्हा देवनागरीची आठवण कोणाला राहिली नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही पॉल डेव्हिड यांचा १९८५ चा निबंध शिकवितो. टंकयंत्रासाठी १८७० च्या दशकात बसविलेली क्वर्टी मांडणी केवळ सर्वांच्या सवयीमुळे कशी टिकली, हे त्यात आहे. (पुढे १९९० मध्ये इतर अर्थशास्त्रज्ञांनी त्याला आक्षेपही घेतले, तो वाद येथे नको.) सांगायचे ते इतकेच की, आज खरेदीत केलेली हेळसांड उद्या रूढी होऊन बसते.

यावर उत्तर तयार असते: रोमन अक्षरांत लिहा, संगणक त्याचे मराठी करून देईल. देईल खरे, पण अंदाजाने. रोमन ‘डी’चा ‘द’ करावयाचा की ‘ड’, हे तो ओळखीच्या शब्दांवरून ठरवितो. सातपुड्यातील पाड्यांची नावे, पावरी बोलीतले शब्द त्याच्या ओळखीचे असतीलच असे नाही. आणि दाखल्यावरच्या नावात एक अक्षर चुकले, तर दुरुस्तीसाठी डोंगर उतरून किती खेपा घालाव्या लागतात, हे येथील शिक्षकांना आणि कारकुनांना सांगावयास नको.

तेव्हा प्रयोगशाळेसाठी वा स्वतःसाठी कळफलक घेताना किंमत आणि रूप पाहण्याआधी त्यावर एक मराठी परिच्छेद लिहून पाहावा. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली असावीत, अशी अटही महाविद्यालयांनी घालावी. ती घालण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्या त्या विद्यार्थ्याने तोडगा काढला आहे. अशा कळफलकांवर कळांची मांडणी बदलता येते. त्याने ‘ड’ दुसऱ्याच एका कळेवर बसविला. घरी त्याचे काम आता झकास चालते. परंतु लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांची गती लागते, आणि परीक्षेच्या संगणकावर ‘ड’ कंसाच्याच कळेवर असतो. परवा सराव करताना त्याचे बोट तीनदा भलत्याच कळेवर गेले.