२०२१च्या दिवाळीतही पहिली ते चौथीचे वर्ग बंद का?

दिवाळी २०२१चा हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा जालना जिल्ह्यातल्या बाजारपेठा, मंगल कार्यालये, हॉटेले गजबजलेली असतील. राजूरच्या गणपतीचे आणि अंबडच्या मत्स्योदरी देवीचे दर्शन घटस्थापनेपासून, ७ ऑक्टोबरपासून, खुले झाले. चित्रपटगृहे २२ ऑक्टोबरला सुरू झाली. खेड्यांतले पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबरपासून भरू लागले. २०२१च्या दिवाळीपर्यंत बंद राहिले ते पहिली ते चौथीचे वर्ग, आणि तेही मार्च २०२०पासून. जून २०२०मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल २०२१च्या दिवाळीत दुसरीच्या पटावर होते आणि शाळेच्या वर्गात एकदाही बसलेले नव्हते. अनेक शिक्षकांनी पारावर, ओट्यावर मुले जमवून शिकवले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण तो त्यांचा स्वतःचा खटाटोप होता, व्यवस्थेने घेतलेला निर्णय नव्हे. दिवाळी अंकाची सुरुवात आनंदाच्या शब्दांनी करण्याची आपली रीत यंदा आम्हाला पाळता येत नाही.

कोविडच्या साथीत निर्बंध लावले याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती निर्बंध उठवण्याच्या क्रमाबद्दल. गेल्या वर्षी, २०२०मध्ये, बार आणि रेस्टॉरंट ५ ऑक्टोबरला उघडले, मंदिरे दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. शाळांचा नंबर त्यानंतर, २३ नोव्हेंबरला लागला, तोही फक्त नववी ते बारावीपुरता. राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक लागली आणि १५ जानेवारी २०२१ रोजी मतदान झाले. गावोगावी मतदान केंद्र होते जिल्हा परिषदेच्या शाळेत. ज्या खोलीत अख्खे गाव रांग लावून मत देऊ शकते, त्या खोलीत वीस मुले अंतर राखून का बसू शकत नाहीत, हा प्रश्न तेव्हा कोणत्याही पॅनेलने प्रचारात घेतला नाही. दुकानदारांची संघटना असते, हॉटेलवाल्यांची असते, मंदिरांसाठी पक्ष रस्त्यावर उतरतात. सात वर्षांच्या मुलाच्या पाठीशी मतांचा गठ्ठा नसतो, आणि आपल्या पुढाऱ्यांचे निर्णय त्या हिशेबाने झाले, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

यावर पहिला आक्षेप मुलांच्या जिवाचा. तो हलका नाही. एप्रिल २०२१मध्ये ऑक्सिजनच्या खाटेसाठी झालेली वणवण ज्यांनी भोगली, त्या आईबापांची भीती खरी आहे. २०२१च्या दिवाळीपर्यंत मुलांना लसही मिळालेली नव्हती. पण भीतीलाही आकडे विचारावे लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) जून-जुलै २०२१मध्ये केलेल्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात सहा ते नऊ वर्षांच्या ५७ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत विषाणू घरातून, गल्लीतून पोहोचून गेला होता. शाळा उघडायच्याच तर शिक्षकांचे लसीकरण करून प्राथमिक शाळा आधी उघडाव्यात, असे आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी जुलैमध्येच सांगितले. आपण नेमके उलट केले. शिवाय हीच मुले आठवडी बाजारात आणि लग्नाच्या मांडवात होतीच. त्यांना फक्त वर्गात मनाई होती.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे मुंबईत ठरते, जालन्याच्या पुढाऱ्यांना दोष कशाला? मुंबईतला गोंधळ मान्य आहे. ३ जून २०२१ला तेव्हाचे मंत्री विजय वडेट्टीवार यांनी निर्बंध उठवायच्या १८ जिल्ह्यांची यादी सांगितली, तीत जालना होता. त्याच दिवशी मुख्यमंत्री कार्यालयाने असा निर्णय झालाच नसल्याचा खुलासा केला. ऑगस्टमध्ये १७ तारखेपासून शाळा भरवण्याचा आदेश निघाला आणि राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या हरकतीनंतर थांबला. पण आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी अध्यक्ष, तर लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. जुलैत कोविडमुक्त गावांतल्या आठवी ते बारावीच्या वर्गांचा निर्णय सरपंचांच्या समितीकडे दिला गेला होता. आणि २०२१मध्ये राज्याचे आरोग्यमंत्री असलेले राजेश टोपे हे आपल्याच घनसावंगीचे आमदार, जिल्ह्याचे पालकमंत्री होते. जालन्याचा आवाज मंत्रालयात पोहोचत नव्हता, असे म्हणायला जागा नाही. तो उठवलाच गेला नाही. मोठ्या मुलांसाठी गावावर विश्वास टाकता येतो, तर एकही रुग्ण नसलेल्या वस्तीशाळेतल्या पंधरा लहानग्यांसाठी का नाही, हे जिल्हा परिषदेने ठासून विचारायला हवे होते.

ऑनलाइन शिक्षणाचा मुद्दा आम्ही लांबवत नाही. एकच मोबाइल आणि तोही बापाबरोबर कामावर गेलेला, ही परिस्थिती खेड्यांत कुणाला सांगायला नको. अधिक निकडीची गोष्ट वेगळी आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ ऑक्टोबर २०२१ला सुरू झाला. अंबड, घनसावंगी, मंठा भागातल्या ऊसतोड मजुरांनी उचल घेतलेली आहे आणि टोळ्या निघू लागल्या आहेत. शाळा चालू असेल तर आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मूल मागे ठेवण्याला काही अर्थ असतो. शाळाच बंद असेल तर ते आईबापाबरोबर फडावर जाते, आणि थेट उन्हाळ्यात परतते. एकदा पाचट गोळा करायला, धाकट्याला सांभाळायला लागलेले मूल पुन्हा पाटीकडे वळवणे किती अवघड असते, हे या भागातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. मुलींच्या बाबतीत तर पुढची पायरी लवकर लग्नाची असते. म्हणून ‘थोडे थांबू, काय बिघडते’ हा सल्ला शहरातल्या घराला परवडेल. ऊसतोड्याच्या घराला थांबणे म्हणजे अख्खे वर्ष गमावणे.

आमची मागणी एवढीच आहे: २०२१च्या दिवाळीची सुट्टी संपेल त्या दिवशी जिल्ह्यातल्या आठही तालुक्यांत पहिली ते चौथीचे वर्ग भरावेत, रुग्ण सापडला तर त्या गावापुरती, ठरावीक दिवसांसाठी शाळा थांबवावी. पालकमंत्र्यांनी ही मागणी मंत्रिमंडळापुढे मांडावी. आणि वाचकहो, फराळ आटोपला की आपल्या ग्रामपंचायतीत जा, शाळा उघडण्याचा ठराव मागा आणि त्यावर आपली सही करा.