थंडींत अळूं जगवावें कसें?

चिंचवडच्या एका भगिनींनीं लिहिलें आहे कीं, कोंकणांतील सासरचें घर बंद करतांना सासूबाईंनीं परसांतील अळवाचे चार लहान कंद पुडींत बांधून दिले. जूनमध्यें ते गच्चीवरील कुंड्यांत लावले. पानें तळहाताएवढीं झालीं, आणि मार्गशीर्ष लागतांच एकेक पान पिवळें पडून लवूं लागलें. सासूबाई आतां हयात नाहींत. हें वाण जाऊं नये, म्हणून बाई दोन्ही वेळां पाणी घालीत आहेत.

प्रथम तें पाणी थांबवावें.

अळूं हें उष्ण व दमट हवेंतलें झाड. चिंचवड-चाकणच्या बाजूस पौषांत कांहीं रात्रीं पारा १० अंशांच्याही खालीं जातो. कोंकणच्या किनाऱ्यास अशी थंडी ठाऊक नाहीं. हवा गार झाली कीं अळवाची वाढ खुंटते, पानें वाळतात आणि झाड आपला सारा जीव कंदांत आटवून घेतें. ही निद्रा होय, मरण नव्हे. परंतु निजलेला कंद पाणी पीत नाहीं, आणि गार ओली माती त्यास कुजविते. नारळाएवढा जुना गड्डा एखादी चूक सोसतो. सुपारीएवढा कंद सोसत नाहीं. मायेनें घातलेलें पाणीच येथें घात करतें.

माती हलकेंच उकरून कंद चांपून पाहावा. टणक असल्यास चिंता नको. एका अंगास मऊ लागल्यास तेवढा भाग पांढरें निरोगी गर दिसेपर्यंत कापावा, राख चोळावी, एक दिवस सावलींत सुकवावा व कोरड्या, वाळूमिश्रित मातींत पुन्हा ठेवावा. कुंडी लहानच बरी. मोठींतली ओल लवकर आटत नाहीं. ती दक्षिणेकडील भिंतीशीं, विटांवर उचलून ठेवावी. दिवसा तापलेली भिंत रात्रीं ऊब देते. आठ-दहा दिवसांनीं, तेंही दुपारीं, माती जेमतेम ओलावेल इतकेंच पाणी द्यावें. हिरवें पान उरलें असेल तर तें तोडूं नये.

जपानांत अळवाचीच सातोइमो नांवाची जात पिकते. तेथें बियाण्याचे कंद हिंवाळाभर जमिनींतील खड्ड्यांत झांकून ठेवतात व वसंतांत लावतात. चिंचवडास इतका खटाटोप नको, कारण येथें माती गोठत नाहीं.

शिवरात्रीनंतर कोंब दिसूं लागले कीं पाणी वाढवावें, पाडव्याच्या सुमारास शेणखत घालून मोठ्या कुंडींत हलवावें. पूर्वीं वाड्यांत मोरीच्या पाण्यावर अळूं माजत असे. आतां त्या पाण्यांत साबणाचीं नाना द्रव्यें असतात, तें घालूं नये. कारखान्यांच्या पट्ट्यांतील ओढ्याकांठचें अळूं तर कितीही लुसलुशीत दिसलें तरी घरांत आणूं नये, कारण ही वनस्पति पाण्यांतील जड धातु शोषून घेते.

पुढील ऋषिपंचमीच्या भाजीस दोन पानें मिळालीं तरी पुष्कळ. वड्यांची घाई करूं नये. आणि कंदास पिलें फुटलीं कीं एक जावेच्या कुंडींत व एक नणंदेच्या परसांत अवश्य लावून ठेवावें.