काचेची भट्टी सामायिक हवी

नेवाशाला प्रवरेकाठी डॉ. ह. धी. सांकळिया यांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले, तेव्हा मध्ययुगीन थरांतून रंगीत काचबांगड्यांचे तुकडे निघाले. त्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला आज काचकाम शिकावेसे वाटले, तर पहिली अडचण भट्टीची येते. चित्रकलेला खोलीचा एक कोपराही पुरतो. काचेला मात्र हुकमी आग लागते.

काचेचे तुकडे एकजीव करायला साधारण 750 ते 800 अंश सेल्सिअस तापमान लागते. खरी परीक्षा त्यानंतरची. वस्तू पाचशे अंशांच्या आसपास काही वेळ थोपवून मग अगदी सावकाश निववावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो आणि वरून निर्दोष दिसणारे ताट काही दिवसांनी कपाटात असतानाच तडकते. म्हणजे वस्तू एक असो वा दहा, भट्टी रात्रभर अडकतेच. एकट्या शिकाऊ माणसाला हा खर्च पेलत नाही. दहा जणांनी मिळून भट्टी भरली तर पेलतो.

म्हणूनच स्टुडिओने भट्टीचे भाडे तासावर लावू नये, फळीवरच्या जागेवर लावावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तासाचा हिशेब आला की निववण्याचा वेळ तोडण्याचा मोह होतो. भाड्याआधी वर्गही सक्तीचा हवा. वेगवेगळ्या जातींच्या काचा तापल्यावर कमीजास्त प्रसरण पावतात. खिडकीची काच आणि बाजारातली रंगीत काच न तपासता एकत्र भाजली तर सांध्याशी तडा जातो. घासताना काच ओली ठेवणे आणि गॅसचे सिलिंडर उभे बांधणे हेही शिकवल्याशिवाय कोणाच्या हाती साधने देऊ नयेत.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेल्या आणि लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलेल्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. परदेशी काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते. कारखान्यालाच शाळा जोडलेली असल्याने मुले चालू भट्टीपुढे शिकली. अमेरिकेत 1962 साली टोलेडोच्या संग्रहालयात हार्वे लिटलटन यांनी छोट्या भट्टीवर कार्यशाळा घेतली, तेव्हा काच कारखान्यातून कलावंताच्या हाती येऊ लागली. तळेगावने त्याच्या अर्धशतक आधी लोकवर्गणीतून भट्टी पेटवली होती, याचे मोल आपण पुरेसे जाणलेले नाही.

जिल्ह्यात असा स्टुडिओ काढणाऱ्याने सुरुवात विजेच्या साध्या भट्टीने करावी. ती गरजेपुरती लावता येते. फुंककामाची भट्टी हजार अंशांच्या वर अहोरात्र धगधगती ठेवावी लागते. नियमित येणारे विद्यार्थी जमेपर्यंत तिच्यात भांडवल घालू नये.