नाव आणि नाममुद्रा

म्हैसूर हे चंदनाचे आणि अगरबत्तीचे शहर. 1948 साली तिशी ओलांडलेल्या एन. रंगा राव यांनी तेथे अगरबत्तीचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्यांच्या मालाचे 'सायकल' हे नाव देशभर पोहोचले. हा शब्द कोणत्याही प्रांतात सहज कळे. ज्याला अक्षरओळख नव्हती, तोही पुड्यावरचे चित्र ओळखून तीच अगरबत्ती मागू शके. मात्र चित्र ग्राहकाला एकदा दुकानात आणते. तो पुन्हा येतो सुगंधासाठी.

आज चाळिशी-पन्नाशीत उद्योगात पडणाऱ्यांना इंटरनेटवर स्वतःचीच नाममुद्रा घडवण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे. जाहिरातीचा खर्च न पेलणाऱ्या गृहिणीला किंवा नोकरी सुटलेल्या कारागिराला मोबाइलमुळे दूरचा ग्राहक मिळतो. परंतु या वयात पणाला लागते ती आयुष्यभराची पुंजी आणि चारचौघांतील पत. विकत घेतलेली स्तुती व फुगवलेले दावे यांमुळे दोन्ही बुडतात. कारण कौतुक जितके दूर जाते, तितकीच तक्रारही जाते.

म्हणून प्रौढ उद्योजकाने झगमगाटाच्या मागे लागू नये. आपले काम कसे होते ते दाखवावे, किंमत स्पष्ट सांगावी, माल सदोष निघाल्यास बदलून द्यावा. म्हैसूरच्या शिसवी लाकडावर वर्षानुवर्षे जडावकाम केलेला कारागीर लाकडाची पारख सांगू लागला, तर ग्राहक ते विश्वासाने ऐकतो. असा अनुभव विकत मिळत नाही आणि तोच प्रौढ उद्योजकाचे खरे भांडवल आहे.